काळीवरचं घर

जुन्या महसुली भाषेत गावाचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या गावात शिरलं की हा भेद अजून पायाखाली जाणवतो. गावठाण जरा उंचवट्यावर, माती फिकट आणि भुरकट. शेवटचं घर मागे पडलं की लगेच काळीभोर शेतं. पिकाऊ जमीन घरांखाली अडकू नये हा हिशोब त्यामागे होताच. पण काळीवरची भिंत नीट राहत नाही, हे बांधणाऱ्या हातांना कळलं होतं असं मला वाटतं, कारण तो अनुभव यायला दोन-चार उन्हाळे पुरतात. पुढे गावठाणं अपुरी पडली. खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर, शेगाव अशा गावांभोवतीची शेतं अकृषक झाली, प्लॉट पडले आणि वस्ती काळीवर उतरली. त्या वसाहतींमध्ये पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेली घरं आता विकायला निघतात. कुणी निवृत्तीनंतर पुण्याला मुलाकडे जातो, कुणाच्या वाटण्या होतात. म्हणून या जिल्ह्यात जुनं घर विकत घेण्याचा प्रश्न पुष्कळदा काळीवरचं घर विकत घेण्याचा प्रश्न असतो.

अशा व्यवहारात कागद फार काळजीपूर्वक पाहिले जातात, आणि ते योग्यच आहे. मिळकत पत्रिका, नमुना ८, कराच्या पावत्या, अकृषक आदेश, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, वारसांच्या सह्या हे सगळं होतं. घर मात्र एका दुपारी अर्ध्या तासात पाहून होतं. खोल्या मोजल्या जातात, दिशा पाहिली जाते, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलं जातं, आणि ताज्या रंगाकडे पाहून मान डोलावली जाते. मला म्हणायचं आहे ते एवढंच की घराचाही एक दस्तऐवज असतो. तो भिंतींवर, जोत्यावर आणि स्लॅबच्या पोटाला लिहिलेला असतो, आणि या जिल्ह्याच्या माती-पाण्यात तो वाचायला बऱ्यापैकी सोपा आहे, कारण इथल्या बहुतेक दोषांची कारणं दोनच आहेत: ओलीनं फुगणारी माती आणि खारं पाणी. ही दोन कारणं समजली की तडा पाहून घाबरणं आणि तडा पाहून दुर्लक्ष करणं, दोन्ही टळतं.

काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. ही माती बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज भरपूर असतं. त्याचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे बनलेले असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं. पाणी शिरलं की माती फुगते, निघून गेलं की आक्रसते. शेतात याचा फायदाच होतो. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांमधून हवा खेळते आणि पहिल्या पावसाचं पाणी खोल उतरतं. घराखाली मात्र हीच हालचाल पायाला दर वर्षी एकदा वर ढकलते आणि एकदा खाली सोडते. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं या मातीवर दीर्घ काम केलं. जमिनीखाली साधारण साडेतीन मीटरपर्यंत ऋतूंप्रमाणे ओल बदलते आणि त्याखाली ती बरीचशी स्थिर राहते, या समजुतीवर त्या संस्थेनं तळाशी फुगीर असलेल्या खांबांचा पाया विकसित केला. मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी दुसरी वाट दाखवली: फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा दाबून बसवलेला थर द्यायचा. म्हणजे उपाय माहीत होते. तीन-चार फूट खोदून डबर भरलेल्या साध्या घराला ते मिळाले नाहीत, इतकंच. यात एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. हलकं घर जास्त हलतं. फुगणाऱ्या मातीचा वर ढकलणारा जोर एकमजली घराच्या भारापेक्षा अधिक असू शकतो. जड इमारत त्याला थोडीफार दाबून धरते, छोटं बैठं घर धरू शकत नाही. तेव्हा ‘एकच तर मजला आहे, पायावर कसला ताण’ हे म्हणणं काळ्या मातीत लागू पडत नाही.

जिल्ह्यात सगळीकडे ही माती सारखी नाही, आणि घर पाहायला जाण्याआधी हा फरक कळायला हवा. इथले लोक जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग करतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा घाटावरचा मुलूख. तिथे अनेक ठिकाणी काळ्या मातीचा थर पातळ असतो. काही फुटांवर मुरूम आणि त्याखाली पाषाण लागतो. पाया मुरमापर्यंत नेलेला असेल तर वरच्या मातीनं कितीही फुगावं-आक्रसावं, घराला फारसं काही होत नाही. पण त्याच वसाहतीत एखाद्या नाल्याकडेच्या प्लॉटवर माती दहा-बारा फूटही खोल निघू शकते, आणि शेजारच्याचं घर उत्तम आहे म्हणून आपलंही असेल असं म्हणता येत नाही. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, गाळाची माती खूप खोल आहे. तिथे साध्या घराचा पाया खडकापर्यंत जाणं शक्यच नसतं. तो मातीतच थांबतो. म्हणून घाटावर विचारायचा प्रश्न ‘पाया मुरमाला लागला आहे का’ हा, आणि घाटाखाली ‘पायाखाली काय भरलं आहे आणि घराभोवतीचं पाणी कुठे जातं’ हा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळपास चालू असलेल्या एखाद्या बांधकामाच्या खड्ड्यात, नव्या नालीच्या खोदकामात किंवा विहिरीच्या काठावर फुकट दिसतं. मालक तयार असेल तर घराच्या एका कोपऱ्याशी हात-दीड हात रुंदीचा खड्डा घेऊन पायाचा तळ उघडा करून पाहता येतो. मालक नको म्हणाला, तर तीही एक माहितीच आहे.

माती किती फुगते हे पाहण्याची प्रयोगशाळेतली चाचणी इतकी साधी आहे की तिची कल्पना घरीही घेता येते. वाळवून बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्यायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. एक दिवस स्थिर ठेवून दोन्हींतल्या थरांची उंची ताडून पाहायची. पाण्यातला थर रॉकेलमधल्या थराच्या दीडपट किंवा त्याहून अधिक भरला, म्हणजे फुगवटा पन्नास टक्क्यांच्या वर गेला, की भारतीय मानकांच्या वर्गवारीप्रमाणे माती पायाच्या दृष्टीनं सावध राहण्याजोगी ठरते. काळ्या मातीत तो शंभराच्या पुढेही जातो.

आता भिंतीकडे येऊ. तडा दिसला की पहिल्यांदा तो कुठून कुठे जातो ते पाहावं, आणि कुठे रुंद आहे ते पाहावं. लांबीला त्यामानानं कमी महत्त्व आहे. गिलाव्यावर जाळ्यासारखे बारीक तडे असतील तर बहुधा सिमेंट जास्त पडलं किंवा पाणी मारणं कमी पडलं. त्यानं घराला धोका नाही. कॉलम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथली सरळ उभी रेघ दोन वेगळ्या वस्तूंच्या वेगळ्या प्रसरणाची असते, तीही बहुतेक वेळा निरुपद्रवी. स्लॅबच्या लगेच खाली भिंतीवर आडवी रेघ धावत असेल तर उन्हानं तापून स्लॅब दर दिवशी थोडा सरकतो हे तिचं कारण. बुलढाण्याच्या मे महिन्यात ती दिसणारच. काळजीचा तडा वेगळा असतो. तो खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपा निघतो, विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यांसारखा चढत जातो आणि आतल्या बाजूला जिथे दिसतो तिथेच बाहेरूनही दिसतो. असा तडा वर रुंद आणि खाली निमुळता असेल तर घराच्या कडा खचत आहेत किंवा मधला भाग उचलला जात आहे. खाली रुंद असेल तर मधला भाग खचतो आहे. काळ्या मातीत पहिला प्रकार अधिक, आणि त्याचं कारण उघड आहे: घराखालची मधली जमीन झाकलेली असल्यानं तिची ओल टिकते, कडेची जमीन उन्हात सुकून आक्रसते आणि कोपरे खाली बसतात. रुंदीच्या बाबतीत ब्रिटनमधल्या बांधकाम संशोधन संस्थेनं केलेली वर्गवारी जगभर वापरली जाते. एक मिलिमीटरपर्यंतचा तडा रंगकामाच्या वेळी बुजतो. पाच मिलिमीटरपर्यंतचा भरून काढता येतो, पण दारं-खिडक्या थोड्या अडकू लागतात. पंधराच्या पुढे गेला की भिंतीचे काही भाग उतरवून पुन्हा बांधण्याची वेळ येते. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी खिशात टाकून गेलं तरी हे मोजता येतं.

भिंतीवर नवा गिलावा आणि नवा रंग चढवून तडा लपवता येतो, पण घराची हालचाल इतर जागी बोलत राहते. दाराच्या वरच्या कडेला सुतारानं रंधा मारलेला दिसतो, म्हणजे चौकट तिरकी झाली होती आणि दार घासत होतं. खिडकीच्या कोपऱ्यातल्या गजांना ताण आलेला असतो. जोत्याभोवतीची फरसबंदी घरापासून सुटून मध्ये बोटभर फट पडलेली असते. फरशीचा उतार मोरीकडे असायला हवा तो भलत्याच कोपऱ्याकडे असतो. गवंड्याचा ओळंबा आणि पाणसळ हीच इथली खरी तपासणीची साधनं आहेत. पारदर्शक नळीत पाणी भरून घराच्या चारही कोपऱ्यांची पातळी घेतली तर कुठला कोपरा किती खाली गेला हे दहा मिनिटांत कळतं. रंग ही गोष्ट लपवू शकत नाही.

पण एक भेट पुरत नाही. काळ्या मातीवरचं घर ऋतूंबरोबर श्वास घेतं, आणि एका भेटीत त्या श्वासाचा एकच क्षण दिसतो. आपल्याकडे व्यवहार पुष्कळदा मुहूर्तावर होतात. अक्षय्य तृतीयेला साऱ्या जिल्ह्याचं लक्ष जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीकडे असतं. नेमके तेच दिवस भिंत पाहायला सगळ्यात चांगले असतात, कारण माती पुरती सुकलेली असते आणि तडे वर्षातले सर्वांत रुंद असतात. तेच घर पोळ्याच्या सुमारास, दोन-अडीच महिन्यांचा पाऊस मुरल्यावर पाहिलं तर तडे मिटलेले दिसतील आणि त्याऐवजी ओल दिसेल: जोत्यावर चढलेली, स्लॅबला झिरपलेली, संडासाच्या भिंतीमागे पसरलेली. म्हणून शक्य असेल तर घर दोनदा पाहावं, एकदा अक्षय्य तृतीयेच्या आसपास आणि एकदा पोळ्याच्या आसपास. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख घालावी, किंवा तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटवावी. पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे. तडा आहे की नाही यापेक्षा तो जुना होऊन थांबला आहे की अजून चालतो आहे, हा प्रश्न किमतीच्या दृष्टीनं कितीतरी मोठा आहे. वीस वर्षांपूर्वी खचून स्थिरावलेलं घर निर्धास्त घ्यावं. दर उन्हाळ्यात थोडं थोडं उघडणारं घर समजून-उमजून घ्यावं. थांबलेल्या तड्याच्या आत धूळ, कोळ्याचं जाळं, जुन्या रंगाचे थर सापडतात. चालत्या तड्याच्या कडा ताज्या आणि धारदार असतात.

खाऱ्या पाण्याची गोष्ट घाटाखालची. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा पसरला आहे. आपल्याकडे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, मलकापूर या तालुक्यांचे भाग त्यात येतात. खारपाण म्हटलं की पिण्याच्या पाण्याची, मूत्रपिंडाच्या विकारांची, सिंचनानं बिघडणाऱ्या जमिनीची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. घराची चर्चा मात्र होत नाही. काँक्रीट कालवायला पाणी लागतं, आणि ज्या गावात गोडं पाणी पिण्यापुरतं जेमतेम, तिथे बांधकामाला बोअरचं पाणी वापरलं जाणार हे ओघानंच आलं. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइडचं प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर असू नये. साध्या, बिनलोखंडी काँक्रीटला ही मर्यादा २००० आहे. या चौपट फरकाचं कारण सळई. चांगलं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं आणि त्या अल्कतेनं सळईवर एक संरक्षक थर धरतो. क्लोराइड तो थर भेदतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्याला जागा हवी असते, आणि तो आतून काँक्रीट फोडतो. त्यामुळे गंजाचा तडा सळईच्या रेषेत धावतो: कॉलमच्या कोपऱ्यालगत उभा, बीमच्या तळाशी लांब, स्लॅबच्या पोटाला ठरावीक अंतरानं समांतर. त्यावर तपकिरी डाग येतो आणि मग पोपडा सुटतो. मातीचा तडा भरता येतो, घराभोवतीचं पाणी आवरून त्याची चाल बरीच रोखता येते. काँक्रीटमध्येच कालवलेलं मीठ मात्र बाहेर काढता येत नाही. दोघांपैकी कोणता दोष अधिक गंभीर असं विचारलं तर मी निःसंकोच गंज म्हणेन.

भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत पांढरी पावडर येते, गिलावा फुगून गळतो, त्याला आपण लोणा लागला म्हणतो. जमिनीतली ओल विटांमधून केशाकर्षणानं वर चढते, येताना क्षार आणते. पाणी उडून जातं आणि क्षार स्फटिक होऊन विटेचा पृष्ठभाग सोलतात. यानं घर कोसळत नाही, पण त्यावर सिमेंटचा जाड गिलावा चढवला की ओल आणखी वर सरकते, म्हणून कमरेच्या उंचीवर एकसारखा नवा पट्टा दिसला तर त्याच्या वरची भिंत हात लावून पाहावी. खारपाणपट्ट्यातल्या घरात मालकाला थेट विचारावं: स्लॅब कुठल्या पाण्यात टाकला? टँकर, नळ, बोअर? बांधणारा माणूस हे सहसा विसरत नाही. आणि उत्तर बोअर आलं तर इंजिनिअरकडून काँक्रीटमधल्या क्लोराइडची तपासणी करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्याच वेळी तो काँक्रीटच्या ताज्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडून पाहू शकतो. गुलाबी रंग आला तर अल्कता शाबूत आहे. सळईपर्यंत रंगच आला नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं ती संपवली आहे.

स्लॅबवर चढून पाहायचं लोक टाळतात, आणि तिथेच पुष्कळ काही असतं. गळती लागली की कोबा करतात, तो गळला की त्यावर दुसरा कोबा, मग फुटक्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी. चार इंच जाडीच्या विटांच्या कोब्याचं वजन दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भरतं. ज्या गच्चीवर माणसं जातात तिच्यासाठी भारतीय मानकात गृहीत धरलेला माणसा-सामानाचा भार दीडशे किलो आहे. म्हणजे नंतर चढवलेला एकच थर त्या गृहीत भाराहून जड होतो. हजार लिटरची टाकी भरली की एक टन. ती भिंतीच्या डोक्यावर ठेवली असेल तर ठीक, स्लॅबच्या मध्यावर ठेवली असेल तर खालून स्लॅबला पोट आलं आहे का ते दोरी ताणून पाहावं. आणि वरचा मजला मागाहून चढवला असेल तर पाया कितीचा धरला होता हे विचारायलाच हवं. नऊ इंची भिंतींवर बैठ्या घरासाठी टाकलेल्या पायावर, मुलांची लग्नं झाली म्हणून एक मजला उभा राहतो, आणि तो उभा राहिला म्हणजे चाललं असं समजलं जातं.

हाच सगळ्यात मोठा आक्षेप आहे: घर तीस वर्षं उभं आहे, चार जोरदार पावसाळे पाहिलेलं आहे, आता त्याला काय होणार? यात थोडं तथ्य आहे. मातीच्या हालचालीनं होणारं नुकसान पहिल्या काही वर्षांत ठळक दिसतं, आणि ज्या घरात ते इतक्या वर्षांत दिसलं नाही त्या घराचा पाया बहुधा ठीक आहे. पण उभं असणं हा गंजाविरुद्ध पुरावा होत नाही. गंज वर्षानुवर्षं आत वाढतो आणि दिसू लागतो तेव्हा बराच पुढे गेलेला असतो. भाराविरुद्धही तो पुरावा होत नाही, जोवर तो भार प्रत्यक्ष आलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. तिथली माळवदाची घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी होती. दोन-दोन, तीन-तीन फूट जाड दगडी भिंती मातीत बांधलेल्या, आतले-बाहेरचे दगड एकमेकांना आरपार सांधणारा दगड नाही, आणि वर उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून घातलेला मातीचा जड थर. ती घरं काही सेकंदांत कोसळली आणि हजारो माणसं झोपेतच गेली. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या धाब्याच्या घरांची बांधणी त्या जातीचीच आहे. म्हणून घर पांढरीत आहे एवढ्यानं निश्चिंत होता येत नाही. पांढरीतल्या घराचा पाया सहसा शांत असतो, पण भिंतीला पोट आलं आहे का, सागाच्या कड्या भिंतीत जिथे शिरतात तिथे वाळवीनं पोखरल्या आहेत का, धाब्यावर दर वर्षी टाकलेल्या मातीनं छत किती जड झालं आहे, हे पाहावंच लागतं. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीचं पाणी गावांमध्ये शिरलं. त्या भागातलं घर घेताना पाणी भिंतीवर कुठवर चढलं होतं, हे मालकापेक्षा शेजाऱ्याला विचारावं.

दुसरा आक्षेप असा की बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे घर पाहून झालंच. बँकेचा मूल्यांकनकार घर पाहतो तो गहाणाच्या किमतीसाठी. कर्ज बुडालं तर मालमत्ता विकून किती येईल हा त्याचा प्रश्न. जागेला भाव आहे, कागद स्वच्छ आहेत, बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे, इथे त्याचं काम बहुतेक संपतं. तिसरा आक्षेप, ओळखीचा मिस्त्री पाहील. चांगल्या गवंड्याच्या नजरेला मी कमी लेखणार नाही; ओळंबा त्याच्या हातात माझ्यापेक्षा किंवा तुमच्यापेक्षा फार बरा चालतो. पण पुढे दुरुस्तीचं काम त्यालाच मिळणार असेल तर त्याचा सल्ला आणि त्याचा फायदा एकाच पिशवीत येतात, आणि काँक्रीटच्या आतलं त्यालाही दिसत नाही. रिबाउंड हॅमरनं काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कणखरपणा आणि अल्ट्रासोनिक यंत्रानं आतली सलगता अजमावता येते. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा. त्याच्या फीचं ओझं वाटत असेल तर आठवावं की महाराष्ट्रात नोंदणी शुल्कच एक टक्का आहे, तीस लाखांच्या पुढे कितीही असलं तरी तीस हजार, आणि मुद्रांक शुल्क त्याहून कितीतरी अधिक. ते आपण कुरकुर करत का होईना भरतो. चौथा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो: घर कसंही असो, खरी किंमत जागेची आहे, पुढे पाडून बांधू. हरकत नाही. मग बोलणी जागेच्या भावानं करावी, आणि पाडायचा, राडारोडा उचलायचा खर्च त्यातून वजा धरावा. जागेचा हिशोब मनात ठेवून पैसे घराचे मोजणं ही चूक मात्र सर्रास होते.

कायद्याकडून फार आशा धरू नये, पण आहे ते वापरावं. रेरा कायद्यात ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेचा दोष निघाला तर तो दुरुस्त करण्याची जबाबदारी प्रवर्तकावर आहे. स्वतःसाठी बांधून पुढे विकलेल्या घराला त्याचा उपयोग नाही. शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणीतूनच सूट आहे, आणि आपल्या जिल्ह्यातली बरीच बांधकामं त्या आकाराची. जुन्या घराला लागू पडतो तो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडला नसता असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे. न सांगणं कायद्यानं फसवणूक ठरतं. या वाक्यातला भार ‘साधारण काळजी’ या शब्दांवर आहे. उघडा तिरपा तडा तुम्ही पाहिलाच नाही, तर कायदा तुमच्या मदतीला येणं अवघड. म्हणून प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरं लेखी घ्यावीत: पाया किती खोल, कुठल्या थरावर, स्लॅब कधी आणि कुठल्या पाण्यात, वरचा मजला कधी, कोबा किती वेळा, तडे कधी भरले. इसार पावतीतच एक ओळ घालावी की इंजिनिअरच्या तपासणीत संरचनेचा गंभीर दोष निघाल्यास इसाराची रक्कम परत मिळेल. अशी ओळ घालायला लोकांना संकोच वाटतो. समोरचा माणूस बहुधा ओळखीचा, नात्यातला किंवा गावचा असतो आणि अविश्वास दाखवल्यासारखं होतं. पण सातबाऱ्यावरच्या वारसाची सही मागताना आपण अविश्वास मानत नाही. तपासणीचा कागद त्याच ओळीतला आहे, आणि दोष आधी बोलून झालेला असेल तर नात्यात तो पुढे कडू होत नाही.

दोष निघाला म्हणजे घर सोडूनच द्यावं असंही नाही. काळ्या मातीवरच्या ज्या घरात तडे आहेत पण सळया शाबूत आहेत, ते घर पुष्कळदा बोलणी करून घेण्याजोगं असतं. घराभोवती तीन-चार फूट रुंद, बाहेर उतार दिलेली पक्की फरसबंदी करायची, गच्चीचं पाणी नळानं दूर नेऊन सोडायचं, फुटलेली सांडपाण्याची नळी आणि भिंतीलगतचा शोषखड्डा हलवायचा, जोत्याला खेटून लावलेल्या मोठ्या झाडाबद्दल विचार करायचा, कारण उन्हाळ्यात ते मुळांनी तिथलीच ओल खेचतं. मात्र भलं मोठं जुनं झाड एकदम तोडणंही बरं नाही. ओल परत येते आणि माती उलटी फुगू लागते. हे सगळं केल्यावर एक पूर्ण वर्ष तडे तसेच उघडे ठेवावेत. रंगकाम पुढच्या वर्षी. पेन्सिलीच्या खुणा अक्षय्य तृतीयेला आणि पोळ्याला पुन्हा तपासाव्यात, आणि दोन्ही वेळा अंतर सारखंच भरलं की मग गवंड्याला बोलवावं.